नाक गेलेल्या बाईचे डोनट

बेल वाजली तेव्हा विजयमालाच्या हातात लायटर होता. पुढच्या बर्नरवर कढई चढवून झाली होती, तेल ओतून झालं होतं, मोहरीचा डबा उघडा होता, आणि आता बटण फिरवून ठिणगी पाडायची एवढंच राहिलं होतं. ती तशीच लायटर घेऊन दार उघडायला गेली. दारात समोरच्या फ्लॅटमधली सायराबानू होती, शिवणकामाचा टेप गळ्यात लटकलेला, आणि ती एक शब्द न बोलता विजयमालाला बाजूला सारून थेट स्वयंपाकघरात घुसली. मागच्या बर्नरवरचं दूध उतू जाऊन ज्योत विझली होती. दुधाचा ओघळ ओट्यावरून खाली फरशीवर उतरला होता, आणि बटण पूर्ण उघडं होतं. मिक्सरच्या घरघरीत दूध उतू गेल्याचं ऐकू आलं नाही हे खरं, पण त्यानंतरची आठ-दहा मिनिटं विजयमाला तिथंच, हाताच्या अंतरावर, थंडीमुळे खिडकी लावून घेऊन, शेगडीकडे पाठ करून वाटण काढत उभी होती. सायराबानूने बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडकी ढकलून उघडली, आणि मग विजयमालाच्या मुठीतला लायटर एकेक बोट सोडवून काढून घेतला. जिन्यापर्यंत वास आलाय, ती म्हणाली, मला तिकडं मशीनवर बसल्या जागी आला.

विजयमाला म्हणाली, सर्दी झालीय. हे वाक्य ती तीन महिने वापरत होती आणि ते आता हाताळून हाताळून गुळगुळीत झालं होतं. सायराबानूने तिच्याकडे नीट पाहिलं. ओट्यावरच्या फळीवरून हिंगाची डबी काढली, झाकण उघडलं आणि तिच्या नाकाखाली धरली. विजयमालाने श्वास आत ओढला. डबीतली पिवळट भुकटी दिसली, डबीच्या काठाचा गारवा वरच्या ओठाला लागला. बाकी काही नाही. भिंतीसमोर उभं राहून हाक मारावी आणि भिंतीने भिंतच राहावं, तसं. सायराबानूने झाकण लावलं आणि विचारलं, "कधीपासून, ताई?" विजयमालाला भीती वाटायला हवी होती. अर्ध्या मिनिटाने घर उडालं असतं, हे तिला कळत होतं. पण तिला आला तो राग. आपल्याच स्वयंपाकघरात चोरी करताना सापडल्यासारखा, आणि चोरी तरी कशाची, जे आपलंच होतं आणि गेलं त्याची. "नवरात्रापासून," ती म्हणाली. "आन कुणाला सांगू नको."

नवरात्रात ताप आला होता, चार दिवसांचा, बारामतीत घरोघर होता तसाच. पाचव्या दिवशी ती उठली, चहा ठेवला, आलं ठेचलं, आणि कप तोंडाला लावला तेव्हा ते नुसतं गरम गोड पाणी होतं. तिला वाटलं, आलं जुनं असेल. दुसऱ्या दिवशी साबण, तिसऱ्या दिवशी उदबत्ती, चौथ्या दिवशी रामहरीचा शर्ट. रामहरी एमआयडीसीतल्या एका डेअरीत होता, गावोगावचं दूध उतरवून घेतात तिथं; बावीस वर्षं कॅनचं झाकण उघडायचं, नाक आत घालायचं आणि दूध घ्यायचं की परत लावायचं ते एका श्वासात सांगायचं, हे त्याचं काम. त्याच्या शर्टाला एक कायमचा वास असायचा, आंबूस, ओलसर, लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तिला नको झालेला. तो शर्ट तिने बादलीपाशी उभं राहून तोंडावर दाबून धरला आणि तिला फक्त कापडाचा खरखरीतपणा लागला. तेव्हा ती बसली, बाथरूमच्या उंबऱ्यावर. रडली नाही. जीभ अजून गोड, खारट, आंबट, कडू एवढं सांगत होती. एवढ्यावर निभावता येईल असं तिने ठरवलं, आणि तीन महिने निभावलं: आठवणीवर, डोळ्यांवर, चमच्याच्या मापावर. तिला रोज वाटायचं की आज कळेल कुणाला तरी. आणि कळलं नाही की आणखी एकटं वाटायचं.

कारण विजयमाला म्हणजे तिचा हात. लोणी भापकरला सासरी आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि पहिल्याच श्रावणात सासूने तिला चुलीपुढे बसवून सांगितलं होतं की पुरण डोळ्यांनी नाही, नाकाने शिजवायचं. गूळ विरघळतो तेव्हा एक वास येतो, डाळ त्याला धरते तेव्हा दुसरा, आणि तिसरा येतो तो फक्त एवढ्या वेळापुरता, सासूने चुटकी वाजवून दाखवलं होतं, तेव्हा खाली उतरवायचं. विजयमालाला तो तिसरा वास पहिल्याच दिवशी सापडला. त्या दिवसापासून तिची सुटका झाली नाही. भावकीत लग्न निघालं की विजयमालाला बोलवा. बारसं, वास्तुशांत, निवृत्तीचा कार्यक्रम, कुठंही विजयमालाच्या पोळ्या आणि विजयमालाची कटाची आमटी. ती पाहुणी म्हणून जायची आणि मागच्या दाराने आत शिरायची. भावकीतल्या कुठल्याच मुलीला हळद लागताना तिने पाहिलं नव्हतं. हळदीची गाणी तिला पाठ होती, पण ती भिंतीपलीकडून ऐकलेली. शेवटच्या पंगतीला लोक आत डोकावून म्हणायचे, काय हात आहे, आणि ती पिठाच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारून हसायची. हसायची, हे तिला आता आठवलं आणि त्या हसण्याचाही राग आला. एकदा तरी कुणी म्हणालं असतं, उठ, बाहेर बस, आम्ही लाटतो. कुणी म्हणालं नाही, आणि तीही कधी उठली नाही, कारण कौतुकाच्या त्या एका वाक्यासाठी ती दिवसभर बसू शकत होती, हेही खरं होतं.

सायराबानूने दुसऱ्याच दिवशी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने नळी घालून पाहिलं, एक फवारा लिहून दिला आणि सांगितलं की वास परत येईलही, वर्षाने येईल, अर्धामुर्धा येईल, किंवा येणारही नाही. चांगल्या स्वभावाचा माणूस होता, खोटं बोलला नाही. रिक्षातून परत येताना विजयमाला मार्केट यार्डाच्या बाजूने चाललेल्या ट्रॉल्या पाहत होती, कांद्याच्या, मिरचीच्या, आणि तिला वाटत होतं की सगळं शहर काचेच्या मागं ठेवलंय, स्वच्छ, झगझगीत, आणि कुणाचंच कुणाशी काही नातं नाही. घरी पोचते तो फोन वाजला. इंदापूरहून नणंद, रंगूबाई. लेकीचं, श्रेयाचं, डोहाळजेवण रविवारी धरलंय, व्याही अकलूजकडचे, पन्नास माणूस हुईल, आणि मी विहीणबाईला सांगूनच ठेवलंय की आमच्या भावजयीच्या पोळ्या खाऊन बगा, मग बोला. विजयमालाने काही म्हणायच्या आत रंगूबाईने सांगितलं की रामहरीशी बोलणं झालंय सकाळीच, तो हो म्हणालाय.

तिने करून पाहायचं ठरवलं. गुरुवारी डाळ शिजवली, गूळ घातला, आणि उलथनं हातात घेऊन पातेल्यावर उभी राहिली. गूळ विरघळताना दिसला. डाळ घट्ट होताना हाताला कळली. उलथनं मधोमध उभं राहिलं म्हणजे झालं, हे डोळ्यांचं माप होतं, नवशिक्या पोरींना सांगायचं. ती त्या तिसऱ्या वासाची वाट पाहत होती. मूर्खासारखी, डोळे मिटून, वाफेत तोंड घालून. वाफ ओली होती, गरम होती, पापण्यांवर जमत होती. डोळे उघडले तेव्हा तळ लागला होता. तरी तिने पोळ्या केल्या. जायफळ किसताना हात थांबेना. किती घातलं की पुरे हे सांगणारं कुणी आत राहिलं नव्हतं. संध्याकाळी रामहरी जेवायला बसला, दोन घास खाल्ले, म्हणाला, झालंय की चांगलं. तो उठल्यावर तिने ताट उचललं तर आमटीच्या वाटीखाली अर्धी पोळी घडी घालून लपवलेली होती.

ती ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि त्याच्यासमोर टीपॉयवर ठेवलं. रामहरीने टीव्हीचा आवाज बंद केला. चित्रं हलत राहिली. त्याला कधीपासून माहीत होतं, तिने विचारलं. दिवाळीपासून, तो म्हणाला. चिवड्याला तेल जुनाट निघालं होतं, बरणी उघडल्याबरोबर त्याला कळलं होतं, आणि तिने ती बरणी त्याच्यापुढे ठेवली होती, हसत. त्याने चिवडा डब्यात नेला आणि रोज थोडा थोडा टाकून दिला. तिला वाईट वाटू नये म्हणून. विजयमालाच्या कानांत काहीतरी तापत गेलं. म्हणजे तीन महिने ती ह्या घरात एकटी लपवत होती आणि दिवाळीपासून तो एकटा लपवत होता. दोघं एकाच ताटावर बसून दोन बाजूंनी एकच गोष्ट झाकत होती.

"मग वन्संस्नी व्हय कसं म्हणला?"

"काय सांगायचं पाव्हण्यांत?" रामहरी म्हणाला. "तुझ्या हाताला चव हाय म्हणून सगळी..."

"माझ्या हाताला चव कवाच नव्हती. चव नाकात हुती. ती गेली." तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, सपाट, बाजारात भाव सांगावा तसा. "कॅन नासका निघाला तर तुमी काय करता?"

रामहरीने ताटातली घडी घातलेली पोळी उलगडली.

"परत लावता न्हवं? मग मलाबी परत लावा."

त्या रात्री ती चांगली झोपली, ह्याचंच तिला सकाळी आश्चर्य वाटलं. रामहरी पहाटेच्या पाळीला निघून गेला होता. स्वयंपाकघरात ऊन यायचं होतं. दिवाळीत सोनमने, लेकीने, पुण्याहून येताना एक छोटा ओव्हन आणला होता, लाल रबरी साचा आणला होता सहा खळग्यांचा, मधोमध खुंटी असलेल्या, आणि केक-मिक्सचं एक खोकं. आई, डोनट करू, तळायची नाहीत, भाजायची, तिने म्हटलं होतं. विजयमालाने खोकं हातात घेऊन उलटंपालटं केलं होतं आणि म्हटलं होतं, ह्याला काय सैपाक म्हणायचा, पाणी वतलं आन झालं? सोनमने खोकं वर फळीवर ठेवून दिलं होतं. ओव्हनवर मग टॉवेल पडला आणि टॉवेलवर इस्त्रीचे कपडे. विजयमालाने आता ते कपडे उचलले, टॉवेल काढला, खोकं खाली घेतलं. मागच्या बाजूला चित्रं होती आणि आकडे. पाणी इतकं. तेल इतकं. फेटायचं तीन मिनिटं. एकशे ऐंशीवर भाजायचं, बारा ते चौदा मिनिटं. काडी खुपसून बघायची, कोरडी निघाली की झालं. तिने ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, हळू. वासाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. अंदाजाने, चवीपुरतं, खमंग होईस्तोवर, हे तिच्या जन्माचे शब्द, एकही नव्हता. खोकं तिला काहीच विचारत नव्हतं. तू कोण, कुणाच्या घरची, तुझा हात कसा, काही नाही. पाणी मोजता येतं का? घड्याळ बघता येतं का? मग ये.

तिने पिशवी कापली. फिकट पिवळी भुकटी भांड्यात पडली, बोटांना तांदळाच्या पिठीहून मऊ. पाणी मोजून घातलं, डोळ्यांच्या पातळीला पेला धरून, सोनम शाळेत असताना प्रयोगवहीसाठी धरायची तसं. तेल घातलं. फेटताना आधी गुठळ्या, मग चिकट, मग एकाएकी रेशमासारखं, आणि हातातल्या चमच्याचा आवाज बदलला. खरखर गेली आणि एक ओली, भरलेली थाप येऊ लागली. हे तिने यापूर्वी ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकू येतच असणार, इतकी वर्षं, पण नाक पुढं धावायचं आणि कान मागं राहायचे. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून, तिचा कोपरा कातरून तिने त्यात पीठ भरलं आणि खुंटीच्या भोवती गोल पिळलं. पहिल्या घाण्याला जास्त भरलं. ओव्हनच्या काचेतून ती पाहत राहिली. पीठ फुगलं, खुंटीवरून चढलं आणि भोकं बुजून गेली. सहा गोळे निघाले, वर नाभीसारखी खूण असलेले. दुसऱ्या घाण्याला तिने निम्मंच भरलं, आणि तेरा मिनिटांनी साचा उलटा करून दाबला तेव्हा सहाच्या सहा खाली पडली, हलकेच, एकामागून एक, कडेला बदामी, मध्ये भोक. तिने एक हातात घेतलं. गरम होतं, दाबलं की दबायचं आणि परत वर यायचं. पिठीसाखरेत घोळवून तिने ते तोंडात घातलं. साखर आधी, जिभेवर थंड. मग मऊपणा, मग बारीक जाळी मोडत गेलेली. व्हॅनिला म्हणजे काय ते तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं. पण काहीतरी पोचत होतं, आणि ते तिने केलेलं होतं, आणि त्यात कुठेही खोटं नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई ओट्यापाशी उभी राहून, ओठांना साखर लागलेली, दुसरं खायला लागली.

सायराबानू आली, एक खाल्लं, भुवया वर केल्या आणि विचारलं, ताई, ह्यात काय घातलं? "खोक्यात हुतं ती," विजयमाला म्हणाली, आणि दोघी हसल्या. शनिवारी फिरोजने, सायराबानूच्या नवऱ्याने, दुकानातून आणखी चार खोकी आणून दिली. सोनमला फोन करून सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली की आई, मी येऊ का? विजयमालाने सांगितलं, तू नको येऊ, एवढंच सांग की साचा निवल्याशिवाय दुसरा घाणा भरायचा का. दिवसभर घाणे निघत राहिले. रामहरी पाळीवरून आला, दारातच थांबला. त्याला आला असणार तो वास, सगळं घर भरून. तो म्हणाला की असलं तिथं नेलं तर लोक काय म्हणतील, विकतचं, खोक्यातलं, पोरांच्या वाढदिवसाचं. तिने त्याच्या हातात चमचा दिला नाही, साचा दिला नाही, चिडलीही नाही. एवढंच म्हणाली की लोक म्हणतील ते मला सांगतील, मी जाणार आहे, तुमी यायचं तर या. तो हात धुऊन बसला आणि पिठीसाखर चाळायला लागला. कडेने साखर सांडत होती. तिने खाली कागद सरकवला.

रविवारी सकाळच्या एसटीने निघाले, मांडीवर दोन मोठे स्टीलचे डबे. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं. दोन्ही बाजूंनी ऊस, कुठे तुटलेला, कुठे उभा, आणि रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या. एका ठिकाणी मळीचा टँकर पुढं लागला आणि गाडीतल्या बायकांनी पदर नाकाला लावले, रामहरीने रुमाल काढला. विजयमाला डबा धरून सरळ बसून होती. शेजारची म्हातारी तिच्याकडे बघायला लागली. तिला पटकन पदर उचलावासा वाटला, सवयीने, सगळ्यांसारखं दिसावं म्हणून. तीन महिने तेच तर केलं होतं. हात उचललाही. मग तो डब्यावर परत ठेवला. निमगाव केतकीपर्यंत ती तशीच, उघड्या नाकाने, खिडकीबाहेर बघत गेली. रंगूबाईने तिला सून म्हणून उखाणा घ्यायला लावला होता, तिच्या पहिल्या बाळंतपणात रात्री जागली होती, आणि त्याच रंगूबाईने एकोणतीस वर्षांत तिला एकदाही पुढच्या दाराने आत घेतलं नव्हतं. दोन्ही खरं. दोन्ही एकाच बाईचं.

रंगूबाई मागच्या दाराशीच उभी होती. आत मोठ्या पातेल्यात डाळ शिजून तयार होती, गूळ चिरून ठेवलेला, दोन पोळपाट, कणीक मळलेली, आणि जायफळ, अख्खं, किसणीवर ठेवलेलं, विजयमालाची वाट बघत. विजयमालाने डबे ओट्यावर ठेवले आणि बायकांच्या देखत सांगितलं की मला तीन महिने झाले वास येत नाही, पुरण मला जमायचं नाही, मी हे करून आणलंय. झाकण उघडलं. पांढरी साखर लावलेली गोल गोल डोनट, थरांवर थर. कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, अय्या. रंगूबाई त्या डब्याकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिली.

"आदी सांगाया काय झालं हुतं?"

"सांगाया पायजे हुतं. चुकलं. पर तुमीबी मला इचारलं न्हाय, त्यास्नी इचारलं."

"व्याह्यांसमोर नाक कापलंस माझं, विजयमाला."

"वन्सं, माझं तर गेलंयच," विजयमाला म्हणाली. "तुमचं हाय जाग्यावर. तुमी हुंगा आन शिजवा पुरण. मी बाहीर बसते."

कुणी हसलं नाही. ती निघाली, स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत. तिथं श्रेया खिडकीच्या गजांना तोंड लावून बसली होती, हिरवी साडी, फुलांचे दागिने कानांत आणि दंडांवर, सातव्या महिन्याचं पोट, आणि चेहरा पांढराफटक. तिने मागे न बघताच सांगितलं, दार लावा, फोडणीचा वास नको. मग मामी आहे हे पाहून म्हणाली की सात महिने झाले, कांद्याचा, तेलाचा, साबणाचा, नवऱ्याच्या डोक्याचासुद्धा, सगळ्याचा वास अंगावर येतो. विजयमाला तिच्याशेजारी बसली. आतलं बोलणं श्रेयाने ऐकलं होतं. तिने हळूच विचारलं, मामी, खरंच काहीच येत नाही? काहीच न्हाय, विजयमाला म्हणाली. श्रेयाच्या तोंडून निघून गेलं, "किती बरं." मग तिने जीभ चावली, डोळ्यांत पाणी आलं, माफ करा म्हणाली. पण विजयमाला हसत होती. छाती हलेपर्यंत, आवाज न करता. डॉक्टर हळहळला होता, रामहरी घाबरला होता, सायराबानूने हातातला लायटर काढून घेतला होता, आणि ह्या पोरीने सरळ हेवा केला. त्या हेव्याने काहीतरी सैल झालं. म्हणजे तिच्याजवळ अजून काहीतरी होतं ज्याचा हेवा करावा. तिने जाऊन एक डोनट आणून श्रेयाच्या हातात दिलं, थंड झालेलं, आणि सांगितलं की बघ, नको वाटलं तर टाकून दे, मला कळणारच नाही. श्रेयाने कड कुरतडली. थांबली. मग भोकापर्यंत खाल्लं.

आत काय चाललंय ते भिंतीतून ऐकू येत होतं. पुरण कधी उतरवायचं ह्यावर रंगूबाईच्या दोन जावांचं जुंपलं होतं. एक पोळी फाटली, दुसरी फाटली, आणि मग एक अनोळखी, ठसठशीत आवाज आला की सरका, मी बसते. अकलूजची विहीणबाई स्वतःच पोळपाट पुढं ओढून बसली होती. पोळ्या जाड झाल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. आभाळ कोसळलं नाही, कुणी उपाशी उठलं नाही, आणि विजयमाला अंगणातल्या मांडवात, सजवलेल्या झोपाळ्यापासून तीन हातांवर, खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. बायका ओटी भरायला येत होत्या. गाणं सुरू झालं. तिला सगळं गाणं पाठ होतं, पण ते म्हणताना बायका एकमेकींकडे कशा बघतात, कुठल्या ओळीला झोपाळा ढकलतात, कुठल्या ओळीला सासू तोंड लपवते, हे ती आज पहिल्यांदा पाहत होती. डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. राग गेला नव्हता. तो आत नीट बसला होता, पाय पोटाशी घेऊन, आणि आता तो तिला नको नव्हता.

पंगती उरकल्यावर रंगूबाई आली. पदर खोचलेला, दंडापर्यंत पीठ, कपाळाला घाम. ती शेजारच्या खुर्चीत धपकन बसली. हात दुखत असणार. डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होती. डब्यात चार-पाच डोनट उरली होती. तिने एक उचललं, शंका घेत फिरवून पाहिलं, खाल्लं.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "पुरणाची सर न्हाय."

"न्हायच," विजयमाला म्हणाली.

रंगूबाई चावत राहिली. मग मान न वळवता, जरा खालच्या आवाजात, तिने विचारलं, "तुला कसं लागतं मग? खाल्लं की?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. डॉक्टरने विचारलं होतं, वास येतो का, नाही का. रामहरीने तेही नाही. आणि त्याच्याही आधी, नाक धडधाकट असताना, पंगती संपल्यावर, उरलंसुरलं ताटात घेऊन ती बसायची तेव्हा, तुला कसं लागतं हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. विजयमालाने डब्यातून एक उचललं. उत्तर देण्याआधी नीट खाऊन बघितलं पाहिजे असं तिला वाटलं, आणि तिने घाई केली नाही.

"साखर आदी," ती म्हणाली. "गार लागती. मग वरचं जरा कडक, आतलं मऊ. दातात धरलं की दबतं, मग तुटतं. सकाळच्यापरीस आत्ता घट्ट झालंय. ओठाला खरखर लागती." ती थांबली. "बास. एवडंच. पर एवडं लागतंय."

रंगूबाईने मान हलवली. दुसरं डोनट घेतलं नाही, पण उठलीही नाही. फाटकातून रामहरी येत होता, रिकामी पिशवी हातात. तो म्हणाला, साडेचारची बारामती लागलीय, आता निघालो तरच मिळेल, आणि सवयीने तिचा हात डब्याचं झाकण लावायला जाईल म्हणून वाट बघत उभा राहिला.

विजयमालाने खुर्चीत पाठ टेकली. "जाऊ द्या ती गाडी," ती म्हणाली. "माझं खाऊन झालं न्हाय."